झाडांची नावं, परवान्यांची नावं

पुण्याहून सिंहगड रस्त्याने निघालं, खडकवासला मागे टाकलं आणि डोणज्याच्या फाट्यावरून पानशेतची वाट धरली, की दोन्ही अंगांना पाट्या लागतात. चुलीवरचं मटण, गावरान कोंबडी, घरगुती जेवण आणि त्याखाली लाल अक्षरांत ‘परमिट रूम’. हे दोन इंग्रजी शब्द मराठीत इतके मुरले आहेत की खेड्यातला म्हाताराही ते बिनदिक्कत उच्चारतो. कसला परमिट आणि कुणाचा, हे मात्र कुणी विचारत नाही. परमिट पिणाऱ्याचा. मुंबई राज्यात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला तेव्हा दारू पिणं, बाळगणं, विकणं हे सगळं मुळात गुन्हा ठरलं आणि ज्याला प्यायची असेल त्याने सरकारचा परवाना काढावा अशी सोय ठेवली गेली. पुढे साठच्या दशकात बंदी सैल झाली, दुकानं उघडली, तरी कायद्याचा सांगाडा तोच राहिला. महाराष्ट्रात आजही कायद्याच्या दृष्टीने दारू मनाई असलेलीच वस्तू आहे आणि परवाना ही तिला दिलेली सूट आहे. ती खोली परवानेवाल्यांची, म्हणून परमिट रूम.

या रस्त्यावरच्या साऱ्या पाट्या वाचत गेलं तर आणखी दोन शब्द सापडतात. एक ‘देशी दारूचे दुकान’, दुसरा ‘वाइन शॉप’. वाइन शॉपमध्ये द्राक्षाची वाइन एका कोपऱ्यात असते, बाकी फळ्यांवर व्हिस्की आणि रम. देशी, विदेशी, परमिट ही सगळी नावं कराच्या आणि परवान्याच्या वर्गवारीतून आलेली आहेत. बाटलीत काय आहे, कशापासून काढलं आहे, यातलं काहीच ती सांगत नाहीत. त्यातलं सर्वांत चमत्कारिक नाव म्हणजे ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’. सरकारी कागदावर ते आजही असंच लिहिलं जातं.

मराठीत दारूची नावं पूर्वी अशी नव्हती. ती झाडांची होती.

ताडाची ती ताडी. माडाची ती माडी. शिंदीच्या झाडाची ती शिंदी. तिथे तर झाडाला एक नि पेयाला दुसरं असा प्रत्ययाचाही फरक नाही. मोहाच्या फुलांची ती मोहाची, आणि ‘दारू’ हा शब्द पुढे जोडायचीही गरज पडत नसे. संस्कृतातल्या मधूकाचा मराठीत मोह झाला. भुरळ या अर्थाचा मोह वेगळ्या कुळातला आहे. दोघांचं नातं जोडून कविता पुष्कळ झाल्या, पण भाषेच्या इतिहासात ते सोयरे नाहीत. मधूकाच्या पोटात मध आहे, गोडवा आहे. मोहाचं टपोरं, मांसल फूल तोंडात टाकलं की हे नाव कुणी का दिलं ते कळतं.

शिंदीच्या बाबतीत तर एकाच रसाची नावं वेळेवर ठरतात. संध्याकाळी झाडाच्या शेंड्याजवळ खाच पाडून खाली मडकं बांधायचं. मडक्याला आतून चुना लावलेला असला तर रस आंबत नाही, आणि दिवस वर यायच्या आत उतरवून प्यायला तर ती नीरा. गोड, गार, किंचित धुरकट वासाची. नीर म्हणजे पाणी, त्यातून हा शब्द. चुना नसेल किंवा ऊन चढू दिलं, तर त्याच मडक्यात फेस धरायला लागतो, वास आंबूस होतो आणि दुपारपर्यंत तीच शिंदी झालेली असते. रस तोच, झाड तेच, फरक काही तासांचा. पुण्यात नीरेची केंद्रं अजून आहेत आणि सकाळी तिथे उभे असलेले लोक दारूच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे असतात. (भोर तालुक्यात उगम पावणारी नीरा नदी आणि ही नीरा यांचं नाव एकच. भोरच्या माणसाला पुण्यात आल्यावर नीरेचा फलक दिसला की क्षणभर गावची आठवण येत असली पाहिजे.)

यातला ताडी हा शब्द आपल्या किनाऱ्यावरून गेला तो थेट अमेरिकेत पोचला. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या नोकरांच्या तोंडी ताडीची टॉडी झाली. अठराव्या शतकात स्कॉटलंडात आणि अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत टॉडी म्हणजे दारू, साखर आणि पाणी यांचं मिश्रण. स्कॉटलंडात व्हिस्की आणि कढत पाणी, अमेरिकेत बहुधा रम. त्यात ताडाचा थेंब नव्हता. बॉस्टनच्या खानावळीत टॉडी मागवणाऱ्याने ताडाचं झाड जन्मात पाहिलेलं नसणार. वस्तू इथेच राहिली, नाव तेवढं समुद्रापार गेलं आणि तिथे दुसऱ्याच वस्तूला चिकटलं.

पंच या पेयाची गोष्ट याहून रंगतदार आहे. वसाहतींच्या काळातल्या अमेरिकेत पंचचं मोठं भांडं मेजावर नसेल तर पंगत झाली असं कुणी मानत नसे. लग्न, निवडणूक, पाद्र्याचा दीक्षाविधी, प्रेतयात्रासुद्धा, सगळीकडे पंच. आता हे नाव कुठून आलं? जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर 1673 साली मुंबईला आला. शिवाजी महाराजांच्या हयातीत त्याने हा मुलूख पाहिला, 1675 मध्ये तो जुन्नरलाही जाऊन आला. 1698 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की गोव्याकडचा नेरुळचा अरक उत्तम, आणि इंग्रज त्यापासून जे पेय करतात त्याचं नाव हिंदुस्तानी ‘पाच’ या आकड्यावरून पडलं आहे, कारण त्यात पाच जिन्नस असतात. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे ते पाच. काही अभ्यासक हे मानत नाहीत. पंचियन नावाच्या पिंपावरून हा शब्द आला असं त्यांचं म्हणणं. मला फ्रायरचं पटतं. कारण या शब्दाचा पहिला माग 1632 च्या एका पत्रात लागतो आणि ते पत्र हिंदुस्थानातल्या कंपनीच्या माणसांमधलं आहे. त्यानंतरचे सुरुवातीचे उल्लेखही सुरतेकडचे, बंगालकडचे, इथे येऊन गेलेल्या माणसांचे. शब्द ज्या मातीत प्रथम दिसतो तिथेच त्याचं मूळ शोधावं, हे बरं.

त्याच मुंबईत 1694 साली पंचविषयी एक हुकूम निघाला. खानावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने एक क्वार्ट गोव्याचा चांगला अरक, अर्धा पौंड साखर आणि ठरलेल्या मापाने लिंबाचं पाणी मागून घ्यावं आणि आपला पंच आपणच करावा. भांड्यावर बाजाराच्या कारकुनाचा शिक्का नसेल तर ते भांडं बेलाशक फोडावं; भांड्याचे नाहीत की पंचचे नाहीत, काहीच पैसे द्यावे लागणार नाहीत. मापात फसवणूक होऊ नये म्हणून काढलेला हा हुकूम, पण दारू आणि सरकारी शिक्का यांची गाठ मुंबई बेटावर किती आधी पडली होती ते त्यात स्वच्छ दिसतं.

अमेरिकेतही हेच झालं. सुरुवातीला तिथल्या वसाहतवाल्यांची पेयं बागेतली होती, सफरचंदाची सायडर, पेअरची पेरी. मग कॅरिबियन बेटांवरची उसाची मळी आली, तिची रम झाली, आणि 1733 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मळीवर कर बसवला. 1768 साली बॉस्टनच्या बंदरात जॉन हॅनकॉक या व्यापाऱ्याचं ‘लिबर्टी’ जहाज जप्त झालं, ते मदेइरा वाइनचा कर चुकवल्याच्या आरोपावरून, आणि शहरात दंगल उसळली. या मदेइराचा आपल्या मदिरेशी काही संबंध नाही. ते बेटाचं नाव आहे, आणि पोर्तुगीजमध्ये मदेइरा म्हणजे लाकूड. संस्कृतात लाकडाला दारु म्हणतात, देवदारमधला तो दारु. म्हणजे मदेइरा आणि दारु या दोन्ही शब्दांचा अर्थ लाकूड, आणि दोन्ही कानाला मद्यासारखे लागतात. योगायोग म्हणा, पण शब्दांच्या नादी लागलेल्याला असे योगायोग सोडवत नाहीत.

आपली दीर्घ ‘दारू’ फारसीतून आली आणि तिथे तिचा अर्थ औषध. मराठीत हा अर्थ अजून जिवंत आहे. ‘म्हाताऱ्याच्या दवादारूला पैसे नव्हते’ असं म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे बाटली येत नाही. त्याच दारूने मराठीत आणखी एक रूप घेतलं, तोफेच्या दारूचं. दारूगोळा, दारूखाना, दारूकाम. औषधाचा आणि स्फोटाचा काय संबंध असं वाटेल. पण बंदुकीची दारू ज्या चीनमध्ये जन्मली तिथे तिचं नावच ‘आगीचं औषध’ असं आहे, आणि अरबांनीही तिला दवा म्हटलं. आपल्याकडे पोचेपर्यंत औषध, आग आणि नशा एका शब्दात बसली. पानशेतच्या खोऱ्यापलीकडे, वेल्ह्याच्या मुलखात राजगडावर पद्मावती माचीवर दारूकोठार दाखवतात. शाळेच्या सहलीतली मुलं ते नाव ऐकून हसतात. त्यांना तिथेच थांबवून सांगावं, बाळांनो, हा शब्द आधी वैद्याचा होता, मग गोलंदाजाचा, आणि तुम्ही हसताय तो अर्थ त्यातला फक्त एक आहे.

हे दोन अर्थ पेशवाईत एकदा समोरासमोर आले. पेशव्यांच्या राज्यात मद्यपानाला बंदीचं धोरण होतं. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांवर 1900 साली जो निबंध लिहिला त्यात या बंदीतल्या सवलतींचा उल्लेख आहे. तोफखान्यात चाकरीला असलेल्या किरिस्ताव लोकांना आपल्यापुरती दारू गाळायची परवानगी होती. एक दारू ठासायची आणि दुसरी प्यायची मुभा एकाच माणसाला.

औषधाच्या कपाटातून आलेला दारू हा एकटाच शब्द नाही. अरबीत अरक म्हणजे घाम. भट्टीच्या नळीतून थेंब थेंब पडणारं द्रव्य घामासारखं, म्हणून तेही अरक. हकिमांनी बडीशेपेचा, ओव्याचा अर्क काढला, गोव्यात काजूच्या पहिल्या उकळीला उर्राक म्हणू लागले, आणि मराठीत पक्क्या, मुरलेल्या, कुणाच्या हाताला न लागणाऱ्या माणसाला आपण ‘अर्क आहे नुसता’ म्हणतो. (रुईच्या झाडाचा आणि सूर्याचा अर्क वेगळा, तो संस्कृत.) आणि ‘घेणे’ हे क्रियापद पाहा. औषध घ्यायचं असतं. ‘तुम्ही घेता का?’ या प्रश्नात कशाचं नाव नसलं तरी ऐकणाऱ्याला नेमकं कळतं. पिणे या क्रियापदाला लागलेला डाग घेणेला लागलेला नाही. ‘तो पितो’ ही निंदा, ‘ते घेतात’ ही माहिती.

मग झाडांची नावं गेली कुठे? ती आपोआप गेली नाहीत. अबकारी या फारसी शब्दाचा अक्षरशः अर्थ पाण्याचं काम. किती निरुपद्रवी शब्द! पण 1878 साली मुंबई अबकारी कायदा झाला आणि घरोघरच्या, पाड्यापाड्यांवरच्या भट्ट्या बेकायदा ठरल्या. ताड-माड छेदायला झाडागणिक कर द्यावा लागू लागला, आणि किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांचा पिढीजात व्यवसाय कराच्या ओझ्याखाली चेपला गेला. 1892 मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा आला. फुलं वेचून साठवण्यावर आणि विकण्यावर निर्बंध! जी फुलं आदिवासी घरात टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार होती, गुरांना घातली जात होती, त्यांनाच कायद्याने संशयित ठरवलं. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त हे लागतं. एखाद्या समाजाकडून त्याच्या झाडाचं फूल काढून घ्यायचं आणि त्याच्या दारात सरकारमान्य दुकानाची बाटली ठेवायची, याने पिणं थांबत नाही, फक्त पैशाची दिशा बदलते.

त्या दुकानाचं मराठी नाव गुत्ता. हा शब्द कानडी-तेलुगूकडून आला आणि त्याचा अर्थ मक्ता, कंत्राट. मराठवाड्यात आजही रस्त्याचं काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात, त्यात दारूचा लवलेश नाही. पण सरकार दारूविक्रीचा हक्क लिलावात देई, लिलाव जिंकणाऱ्याचा तो गुत्ता, आणि हळूहळू हक्काचं नाव जागेला पडलं. गुत्त्यावर जाणारा माणूस नकळत ठेक्याचंच नाव घेत असतो.

या महसुलाला विरोध करणारेही पुण्यात होते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना 1880 साली त्यांनी गावातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. दुकानांमुळे लोकांच्या नीतीचं आणि आरोग्याचं वाटोळं होतं आहे, असा त्यांचा आक्षेप होता. 1908 च्या उन्हाळ्यात टिळकांच्या पुढाकाराने स्वयंसेवक पुण्यातल्या दारूदुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवत होते. फुले आणि टिळक फारच थोड्या बाबतींत एका बाजूला दिसतात. ही त्यातली एक.

रंगभूमीने या व्यवहाराला एक शब्द दिला आणि तो लोकांनी असा उचलला की नाटक न पाहिलेल्यांच्याही तोंडी बसला. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात रंगभूमीवर आलं. त्यातला तळीराम हे एका पात्राचं विशेषनाम. आज ‘थर्टी फर्स्टला तळीरामांवर कारवाई’ हा मथळा दर वर्षी एक तारखेच्या पेपरात असतोच. विशेषनामाचं सामान्यनाम होणं ही लेखकाला मिळणारी फार मोठी दाद. बेंजामिन फ्रँकलिनने 1737 साली आपल्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये प्यालेल्या माणसासाठीचे दोनशेहून अधिक शब्दप्रयोग छापले होते. मराठीत अशी यादी कुणी मन लावून केली तर तर्र, टुन्न, टल्ली, टाइट, फुल्ल, झिंगलेला, झुलत आलेला अशी सुरुवात होईल आणि ती लवकर संपणार नाही.

मापांचे शब्दही असेच. पुणेरी शेर 72 टाकांचा. नऊ टाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा, तो नवटाक. दूध, तेल, तूप सगळं नवटाकाने मोजलं जाई. दशमान पद्धत आली, शेर गेले, आणि दूध-तेल लिटरवर गेलं तरी नवटाक पिणाऱ्यांच्या बोलीत तगून राहिला, पावशेरही. मापांच्या कोष्टकातले हे दोन शब्द आजच्या मुलांना कळतात ते नशेच्या अर्थानेच. त्यांच्या जागी आता क्वार्टर, निप, चपटी, खंबा आले आहेत. चपटी मला आवडते. बाटलीचा आकार डोळ्यांपुढे उभा करणारा तो अस्सल मराठी शब्द आहे.

आणि हातभट्टी. मावळपट्ट्यात ओढ्याकाठी, झाडीत, वाहतं पाणी आणि जळण जवळ असेल अशा आडजागी ती लागते. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात कुजवून जो काला होतो त्याला पोलिसांच्या निवेदनात ‘कच्चे रसायन’ म्हणतात. आयुर्वेदात रसायन म्हणजे जरा-व्याधी दूर ठेवणारी, आयुष्य वाढवणारी चिकित्सा, च्यवनप्राश ज्यात येतो तो प्रकार. दारू औषधाची होती ती विषाची झाली, आणि रसायनही त्याच वाटेने गेलं. छापा पडतो, रसायन जमिनीवर ओततात आणि पंचनामा होतो. पंच म्हणजे पाच, पण पंचनाम्याला आता दोन पंच पुरतात. आकडा कमी झाला, नाव राहिलं.

2020 मध्ये गृहखात्याने गडकिल्ल्यांवर दारू पिणाऱ्यांविरुद्ध कारवाईचा आदेश काढला. राजगड-तोरण्यावर, पानशेत-वरसगावच्या जलाशयांच्या काठी पावसाळ्यानंतर तरुण मुलं पोती घेऊन बाटल्या गोळा करतात, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. त्या पोत्यांत विदेशी म्हणवणाऱ्या बाटल्या पुष्कळ असतात आणि देशीच्याही असतात. महाराष्ट्रात जी देशी दारू विकली जाते ती बहुतांशी साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची, म्हणजे मूळ तेच, जे बॉस्टनच्या रमचं होतं. तिच्या लेबलांवर झाडाफळांची नावं पुन्हा आली आहेत, पण वासापुरती. संत्रा हे त्यातलं एक. आणि एका देशी दारूचं नाव आहे ‘टँगो पंच’. ज्या आकड्याने सतराव्या शतकात याच किनाऱ्यावरून जहाज पकडलं, तो इंग्रजीतून तीनशे-साडेतीनशे वर्षांनी परतून चपटीच्या लेबलावर उतरला आहे. आत जिन्नस पाच नाहीत, आणि अरक तर नाहीच.